सोनोग्राफीतलं कॉन्ट्रास्ट म्हणजे सीटीची डाय नव्हे

किडनी कमजोर असलेल्यांनी कॉन्ट्रास्टच्या (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेत टोचायच्या औषधाच्या) वाटेला जाऊ नये, आता सोनोग्राफीतही तीच डाय टोचतात, तिचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत अडकतात आणि साध्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) सगळं दिसतंच, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

'तीच डाय'? सीटीला टोचतात ते आयोडीनयुक्त औषध. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा घटक) बघतात. (तीही भीती अनेकदा वाजवीपेक्षा जास्त असते, खरी काळजी प्रामुख्याने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज देणारा आकडा, 30च्या खाली गेल्यावर.) सोनोग्राफीच्या औषधात आयोडीन नसतंच. बहुधा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, फॉस्फोलिपिडच्या पातळ कवचातले बुडबुडे असतात. वायू काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो. किडनीला तो गाळावा लागत नाही.

अडकण्याचं म्हणाल, तर बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा आणि तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. पेशी जिथून जाते तिथून तोही जातो. शिरेत हवा गेली की माणूस दगावतो, ही धास्ती यामागे असावी. पण नेहमीच्या पूर्ण डोसमधला सगळा वायू गोळा केला तरी पाण्याच्या थेंबाएवढाही भरत नाही.

खरी गफलत डॉपलरबद्दल आहे. मुख्य धमनी त्यात दिसते, पण किडनीच्या बाहेरच्या थरातल्या बारीक वाहिन्यांमधला संथ प्रवाह निसटतो. बुडबुडे मात्र सोनोग्राफीत चमकतात आणि रक्तवाहिनी सोडून बाहेर झिरपत नाहीत. त्यामुळे रक्त पोचत नाही तो भाग काळाच राहतो. गुठळीने एखादी शाखा बंद झाली की पाचरीसारखा काळा तुकडा दिसतो. बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर कधी हा बाहेरचा थरच मरतो. तेव्हा आतला भाग उजळतो आणि कडेला काळी पट्टी राहते. प्रत्यारोपित किडनी त्वचेजवळ असल्याने तिथे चित्र विशेष स्वच्छ मिळतं, तेही आयसीयूत खाटेपाशीच.

धोका शून्य मात्र नाही. तीव्र ॲलर्जी क्वचित, साधारण दहा हजारांत एखाद्याला होते. हृदय-फुप्फुसांच्या गंभीर प्रतिक्रियांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2007 मध्ये अशा औषधांवर ठळक इशारा छापायला लावला होता. यातल्या काही औषधांत असलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल या घटकाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं.

शिवाय किडनी किती गाळते, हे या तपासणीत कळत नाही. स्थूल शरीर किंवा आतड्यातला गॅस आड आला की चित्र बिघडतं. मुख्य धमनी अरुंद झाल्याचा संशय असेल तर पुष्कळदा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीच (रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी) लागते.