घरबसल्या श्वानसेवा

रस्त्यात जखमी कुत्रं दिसलं की आधी फोटो काढा. जखम स्पष्ट दिसली पाहिजे, लाईक त्यावरच येतात. मग तो सहा ग्रुपांवर टाका आणि खाली लिहा, ‘प्लीज, कोणीतरी मदत करा.’ यातला ‘कोणीतरी’ फार मोलाचा. तो तुम्ही नसता. पत्ता मोघम ठेवा : ‘सिंहगड रोड, मेडिकलसमोर.’ त्या रस्त्याला मेडिकलची दुकानं ती कितीशी असणार!

तासाभरात शेल्टरवाल्यांचा फोन येईल : ‘गाडी निघालीय, तोवर कुत्र्यापाशी थांबाल का?’ तेव्हा तुम्ही घरी पोचून वरण-भात कालवत असता. दचकू नका. ‘तुमची काही सिस्टीम आहे की नाही?’ असं उलट खडसावा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना हात कापता कामा नये.

पिल्लं दिसली तर खोक्यात भरून रात्री शेल्टरच्या गेटवर ठेवून या. कॅमेरा डावीकडे असतो, उजवीकडून या. त्यांच्या आईची वाट बघत बसू नका. ती कचराकुंडीपाशी पोट भरायला गेलेली असते, अर्ध्या तासात परत येते, आणि मग एवढा छान रेस्क्यू हातचा जातो. खोक्यात गाईच्या दुधाची वाटी ठेवाच, म्हणजे जुलाब वाटेतच सुरू होतात. पुढे पार्व्होने गाठलं तर दोष शेल्टरचा. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि पिल्लांना लस टोचलेली नसते, ही त्यांची अंतर्गत बाब.

सोसायटीच्या सभेत तर बोललंच पाहिजे. पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३चे नियम सांगतात. तुम्ही विचारा, ‘परत का आणलं?’ खाचेचं कुत्रं हाकललं की त्या जागी बिनखाचेचं येतं, असं कुणी समजावू लागलं की लगेच चहा मागवा. गल्लीतल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय सोसायटीनेच लावायची, असंही त्याच नियमांत आहे. ते पान सेक्रेटरींच्या फाइलीत सहसा सापडत नाही.

(१८३२ साली बक्षिसाच्या आशेने मुंबईचे पोलीस भटकी कुत्री मारत सुटले, तेव्हा पारशी मंडळींनी दुकानं बंद करून दंगा केला होता. अडाणी काळ. रडका इमोजी नव्हता ना.)

शेल्टरवर प्रत्यक्ष जायचंच असेल तर वाढदिवसाला जा. केक न्या, वीस मित्र न्या. फोटोला लॅब्राडॉर घ्या, लूत लागलेलं नको. कुणी हातात झाडू दिला तर महत्त्वाचा कॉल येऊ द्या. मी हे अनुभवाने सांगतो. रविवारी एका कुत्रीच्या कानातल्या गोचिड्या काढायला बसलो. एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या, चिमट्याने एकेक धरायची आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. दर खेपेला ती माझ्या मनगटावर दात टेकवायची, दाबायची नाही. बाटलीचा तळ काळा झाला तरी एकच कान झालेला. एवढं करून फोटो एकही नाही, दोन्ही हात अडकलेले! शिवाय कपड्यांना फिनेलचा वास, पाठीला रग. यात तुमच्या प्रोफाइलला काय मिळालं?

पाळायचंच असेल तर इंडी, म्हणजे आपलं देशी कुत्रं, कशाला, हस्की घ्या. सैबेरियाच्या थंडीसाठी देवाने दिलेला दुहेरी कोट तुमच्या चौथ्या मजल्यावर एप्रिलमध्ये फार शोभतो. वीजबिल आलं की ‘मुलांना ॲलर्जी’ किंवा ‘बदली’ यांतलं एक कारण निवडा. बदली बरी, तिला डॉक्टरचा कागद लागत नाही. कायद्याचं भय नको. उपाशी मरायला जनावर सोडून देणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. सुटे ठेवा.

सोडायला जाताना मात्र स्वतःची गाडी नेऊ नका, रिक्षा करा. आमच्याकडे एक म्हातारा लॅब्राडॉर आहे. गेटबाहेर पांढरी स्विफ्ट थांबली की तो ताटातलं चिकन टाकून धावतो, आणि मग कुणालातरी त्याला ओढून आत आणावं लागतं. उगाच शेल्टरवाल्यांचं काम वाढतं.