माळ उजाड नसतो हो!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. 'चला, उजाड माळ हिरवागार करू! रविवारी सासवडच्या पुढे ५०० झाडं. टोपी आणि नाश्ता आमच्याकडून.' खाली नमस्कारांची रांग. मी एवढंच लिहिलं की तो माळ उजाड नाहीये, गवताचा आहे, राहू द्या तसाच. अर्ध्या तासात मी झाडांचा शत्रू ठरलो. एका काकांनी ऑक्सिजनवर निबंध पाठवला.

म्हणून इथे लिहितोय. इथे निदान आपली माणसं आहेत.

नऊ वर्षांचा असताना मामाने मला लूनावर मागे बसवून सोलापूर-बार्शी रस्त्याने नान्नजला नेलं. कशाला, ते सांगितलं नाही. भर उन्हात दोन तास पालथं झोपवलं. सावलीला झुडूप नाही, पाणी संपलेलं, मोज्यांत कुसळं. मी रडायच्या बेतात असताना मामाने कोपराने ढोसलं. गवतातून पांढरी मान वर आली, तिच्यावर काळी टोपी. मग अख्खा पक्षी, जवळजवळ माझ्या छातीएवढा. परीक्षेच्या वेळी वर्गातून फिरणाऱ्या हेडमास्तरसारखा एकेक पाऊल टाकत गेला. माळढोक!

तिथे सावली नव्हती म्हणूनच तो तिथे होता, हे डोक्यात शिरायला मला पुढची वीस वर्षं लागली. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. चहूकडे लांबवर दिसलं तरच तिचा जीव भांड्यात. तुम्ही तिथे झाड लावता म्हणजे कावळ्याला पाळत ठेवायला फांदी देता, आणि खालचं गवत सावलीने मारता. धाविक, चंडोल, खोकड, लांडगा, चिंकारा, कुणीही तुमच्याकडे जंगल मागितलेलं नाही. पण सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक', आणि पडीक म्हटलं की ज्याला त्याला हात शिवशिवतात. कुणी प्लॉट पाडतो, कुणी सोलर लावतो, कुणी झाडं. धनगराच्या मेंढ्या तेवढ्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात!

हो, शहरात झाडं हवीत. तोडलेलं जंगल परत उभं करायचं असेल तर कुदळ घेऊन मी पहिला. आणि हेही मान्य की १९७९ चं नान्नजचं माळढोक अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं अडकली, लोक वैतागले. पुढे ते कापून १,२२२ वर आणलं. पक्षी मात्र तोवर बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. आज देशात दीडशेच्या आसपास असतील, त्यातले बहुतेक राजस्थानात, आणि तिथे विजेच्या तारांना धडकून मरतात. ह्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा, असं सलीम अलींनी सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मोराला गेला. (इंग्रजी नाव 'बस्टर्ड', उच्चार चुकला तर शिवी, म्हणून मागे पडला म्हणे!)

एवढं लिहिल्यावर जरा थंड झालो. मेसेज टाकणारा मुलगा वाईट नाही. स्वतःच्या खिशातून रोपं आणतोय. आणि मी तरी कोण लागून गेलो? कॉलेजच्या शिबिरात एका माळावर ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं लावली आहेत मी, फोटोसकट. मामाला तो फोटो कौतुकाने दाखवला होता. तो काही बोलला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

त्या दिवशी नान्नजहून घरी आल्यावर आई मोज्यांतली कुसळं सुईने काढत मामाला शिव्या घालत होती. कुसळ ओलं झालं की पीळ सोडत फिरतं आणि जमिनीत स्वतःच शिरतं. कुणी खड्डा खणावा लागत नाही.

रविवारी मीही जातोय. त्या मुलाला म्हटलंय, नाश्ता कर, टोपी दे, फक्त रोपं गाडीतच ठेव आणि तासभर माझ्याबरोबर गवतात बस. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. मोजे जुने घाला.