माझा टीएसएच नॉर्मल आहे म्हणे

काल संध्याकाळी थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात अडीच तास बसलो. नंबर ४३. बाहेरच्या पोरीनं तीन वेळा सांगितलं, "काका, अजून टाईम आहे." मी ४४ वर्षांचा आहे. काका कुणाला म्हणायलीस? पण तिचीही चूक नाही म्हणा. डोळ्यांखाली पिशव्या, भुवयांची बाहेरची टोकं गळालेली, आणि आवाज असा बसलाय की फोनवर कर्ज विकणाऱ्या पोरी विचारतात, "बाबा, घरात दुसरं कुणी आहे का?"

आत गेलो. डॉक्टरांनी कागद घेतला. टीएसएच म्हणजे मेंदूतून थायरॉईड ग्रंथीला जाणारी हाक; ग्रंथी जितकी सुस्त, तितका आकडा मोठा. माझा ४.८. शेजारी छापलेलं, ०.३५ ते ४.९४. पेनानं ४.८ भोवती गोल काढला, गोलावर टिक मारली आणि म्हणाले, "नॉर्मल आहे. थायरॉईडची ५० चीच गोळी चालू ठेवा."

अहो, ०.१४ नं वाचलोय मी! ३५ मार्कांना पास झालेलं पोरगं घरी आलं तर कुणी पेढे वाटतं का? बाप विचारतो तरी, बाबा रे, नेमकं काय झालं? इथं टिक. टिक या प्रकाराचा मला आधीपासूनच राग आहे. आमच्या ऑफिसात ऑडिटवाले अशीच टिक मारतात, बिल न वाचता.

मी म्हणालो, "डॉक्टर, थकवा फार आहे." म्हणाले, "उन्हाळा आहे." मी म्हणालो, "थंडी वाजते." तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. बाहेर ४२ डिग्री. दोन क्षण माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "टेन्शन घेता का?" नव्हतो घेत. आता घेतोय. "वजन बघा, ८२. रोज तासभर चाला." मी ऑफिसचा जिना मधल्या पायरीवर बसून चढतो, डॉक्टर. तासभर कुठं चालू? मग भीत भीत विचारलं, ७५ ची करून बघायची का? तर म्हणाले, "गूगल बघून आलात वाटतं." विषय संपला. त्या वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

दीड मिनिट. फी ५००. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळं जिन्यातच भागाकार झाला. सेकंदाला साडेपाच रुपये.

आणि खरी कमाल घरी येऊन चिठ्ठी वाचल्यावर. "अशक्तपणासाठी" कॅल्शियम आणि लोहाची गोळी लिहिलीय. कधी? सकाळी, एक. थायरॉईडची गोळी सकाळी, आणि तिला शोषू न देणाऱ्या दोघी पण सकाळीच! तिच्यात आणि या दोघींत चार तासांचं अंतर लागतं, हे मला माहीत आहे, मेडिकलवाल्या पोराला माहीत आहे. म्हणजे औषध द्यायचं आणि त्याच्या मागं चोर पण सोडायचा.

सोलापुरात राहून एप्रिल-मे महिन्यात चादर ओढून झोपणारा माणूस बघितलाय का कुणी? मी झोपतो. अख्खी दुनिया आमच्या चादरी हिवाळ्यासाठी नेते आणि मी पंखा बंद करून, ती जाड, चौकटीची चादर नाकापर्यंत घेऊन पडतो. बायको गच्चीवर झोपते. ऑफिसातला शेजारी रोज विचारतो, "काय बे, कोल्ड स्टोरेजमधून आलायस काय?" एसीचा रिमोट आता माझ्या ड्रॉवरमध्ये असतो आणि त्यावरून तीन जण माझ्याशी बोलत नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन गेलो होतो. पोरं पाळण्यात बसली, मी खाली खुर्ची दिसली तिथं बसलो आणि भोंग्यांच्या त्या गोंगाटात घोरायला लागलो. धाकटीनं फोटो काढलाय. घरच्या ग्रुपवर अजून फिरतो तो.

२०१९ ला पहिल्यांदा तपासलं तेव्हा टीएसएच ३८ होता. तेव्हाही कारखान्यातल्या शिबिरात आधी कोलेस्टेरॉल सापडलं, त्याची गोळी सुरू झाली, आणि थायरॉईड बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण मी पुरुष. "हा बायकांचा आजार आहे हो." हे वाक्य मी कंपाउंडरकडून ऐकलंय, साडूकडून ऐकलंय, आणि एकदा लॅबमध्ये रक्त घेणाऱ्याकडून ऐकलंय, ज्यानं माझ्या रिपोर्टवर लिंग "स्त्री" टाकलं होतं. बायकांना जास्त होतो, मान्य. म्हणून माझी ग्रंथी काय विचारून बंद पडणार होती? आणि बायकांना तरी कोण विचारतं? माझी बहीण दहा वर्षं "घरकामानं थकतेस" ऐकत होती.

तर, पुण्यात बहिणीकडं २०२२ ला महिनाभर होतो, तिच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी आधी नाडी बघितली, ५४. मग गुडघ्यावर हातोडी मारली, पाय किती हळू परत येतो ते बघितलं. म्हणाल्या, तुमचा टीएसएच अडीचच्या आत ठेवू, बरं वाटतंय का बघू. ७५ दिली. सहा आठवड्यांनी १.६. त्या तीन महिन्यांत मी माणूस होतो हो! सकाळी स्वतःहून उठायचो. मार्च एंडिंगची बॅलन्स शीट एका बैठकीत जुळवली. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी चालू आहे.

मग बाटली संपली. इथल्या दुकानात ७५ नव्हती. "५० घेऊन जा की वो, कंपनी तीच, गोळी तीच." मी पण शहाणा, घेतली. डॉक्टरांनी पुढच्या वेळी ५० बघितली, ५०च लिहिली. तेव्हापासून तीच. आता थकव्याला व्हिटॅमिन, पोटाला चूर्ण, केसाला बायोटिन, कोलेस्टेरॉलला वेगळी. २५ मायक्रोग्रॅमची कंजुषी आणि वर चार डब्या.

त्यात समोरच्या काकू. धने भिजवून पाणी प्या. कोबी खाऊ नका. मामेभाऊ म्हणतो उज्जायी प्राणायाम कर, गोळी सुटेल. सगळ्यांना माझी गोळी सोडवायची घाई. टीएसएच वाढलाय म्हटलं की, "मग गोळी कमी करा की." अरे, उलटं असतं ते! किती वेळा सांगू?

हे सगळं काल रात्री जेवताना बायकोला ऐकवत होतो, कडक भाकरी ताटात आपटून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही गोळी घेता कधी?"

"सकाळी. उपाशीपोटी."

"कुठल्या सकाळी?"

मी उठून बाटली आणली. १०० गोळ्यांची. १० फेब्रुवारीला फोडली, झाकणावर तारीख लिहिलीय, सवय आहे. काल २० मे. बरोबर शंभर दिवस. वहीप्रमाणं शिल्लक शून्य.

बाटलीत २७ निघाल्या.

दुसऱ्याच्या खात्यात सत्तर पैशांचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत बसणारा माणूस मी. सत्तावीस! मग आठवत गेलं. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून मोटार, पाईप, टाकी, बादल्या, शेजाऱ्याशी भांडण, आणि ते आटोपलं की सरळ चहा. गोळी गेली. आमच्याकडं पाणी दर चौथ्या दिवशी, म्हणजे हिशेब जवळजवळ जुळतोच. चहा लगेच घेतला तर गोळी नीट शोषली जात नाही. आणि राहिलेल्या दिवशी गोळी आणि चहा यांत अंतर किती? गॅसवर उकळी येईपर्यंत. बाटली कुठं? पश्चिमेच्या खिडकीत, मे महिन्यात, सोलापुरात. आणि ते केसाचं बायोटिन तपासणीच्या दिवशीही घेतलं होतं. काही लॅबच्या पद्धतीत त्यानं टीएसएच खोटाच कमी दिसतो. म्हणजे ४.८ हा आकडा कदाचित मीच पावडर लावून नेला होता.

बायको काही बोलली नाही. हसली फक्त. ते जास्त लागलं.

पण थांबा, माझा राग गेलेला नाही. "गोळी कधी घेता?" हे विचारायला तीन सेकंद लागतात. माझ्या हिशेबानं साडेसोळा रुपयांचा प्रश्न. ५०० दिले होते मी! त्यात एवढंही बसत नव्हतं? कागदावर गोल काढायला जेवढा वेळ गेला तेवढाच लागला असता. बायकोनं फुकट विचारला, भाकरीबरोबर.

आता सहा आठवडे नीट घेतो. बायोटिन तपासणीच्या आधीच बंद. कॅल्शियम-लोह रात्री. मग परत रक्त, आणि मग बघू कोण टिक मारतंय. ७५ नाही दिली तर पुण्याची गाडी पकडतो.

उद्या पहाटे पाणी आहे. बाटली मोटारीच्या बटणाशेजारी ठेवलीय. साडेपाचच्या आत कुणी माझ्यासमोर चहाचा कप धरला, तर भांडण होणार.