डाऊनटनचं किचन त्या वाड्यात नाहीच

तुमच्या लेखात लिहिलंय की 'डाऊनटन ॲबी' ही ब्रिटिश टीव्ही मालिका अख्खी इंग्लंडमधल्या हायक्लेअर कॅसल या वाड्यात शूट झाली, तसं नाहीये हो. वरचे हॉल, लायब्ररी, जेवणाची खोली वगैरे तिथलीच, पण खालचं स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या म्हणजे लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट, कारण हायक्लेअरचं स्वतःचं किचन कधीच मॉडर्न करून टाकलेलं. म्हणजे बघा, तो फूटमन (वाढप करणारा नोकर) ट्रे घेऊन जिना चढायला लागतो लंडनात, वर पोचतो हॅम्पशायरमधे, आणि गोष्ट म्हणे यॉर्कशायरची 😄 एकदा हे कळलं की प्रत्येक जिन्याच्या सीनला हसू येतं, माझं तरी तसंच झालंय.

आणि वाड्याच्या मालक घराण्याबद्दल एक ओळ तरी टाकायची ना राव, हायक्लेअरचेच पाचवे अर्ल (उमराव) ऑफ कार्नार्व्हन, ज्यांच्या पैशावर पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९२२ ला इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामनची कबर शोधली, आणि पुढच्याच वर्षी डास चावल्याची जखम चिघळून ते कैरोत वारले. वाड्याच्या तळघरात इजिप्तचं प्रदर्शन आहे त्याचं. मालिकेपेक्षा मला तर तेच बघायला जायचंय.