मोटर खाली, ब्रेकर वर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकावर एक असलेल्या दोन ब्रेकरच्या मध्ये किती मोटरा चालतात, हा अमेरिकेच्या वीज-कोडातला (एनईसी) नियम मी सांगितला होता. त्यावर ‘रत्नागिरीतल्या चार मजली बिल्डिंगला अमेरिकेतला नियम कशाला? आमच्याकडे एक लिफ्ट, एक पाच एचपीचा पंप. उगाच लोकांना घाबरवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत.

तुमच्या बिल्डिंगपुरतं तुमचं बरोबर आहे. महावितरणच्या २०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) साडेचार टक्के धरला, तर त्याच्या टर्मिनलवरच शॉर्ट सर्किटचा करंट जेमतेम ६ हजार अँपिअर भरतो. केबल मीटर रूमपर्यंत येईतो आणखी घटतो. तिथे १० केएची, म्हणजे १० हजार अँपिअर तोडू शकणारी, एमसीबी (छोटा ब्रेकर) एकटी पुरते, विषय संपला.

मी बोलत होतो ते स्वतःचा ६३० केव्हीए ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्या मोठ्या संकुलांबद्दल. ५ टक्के इम्पिडन्सने तिथे १६-१७ हजार निघतात. एवढा फॉल्ट (शॉर्ट सर्किट) १० केएच्या एमसीबीला झेपत नाही, म्हणून वरच्या एमसीसीबीच्या (मोठ्या ब्रेकरच्या) भरवशावर ती बसवतात. हेच सिरीज रेटिंग. गोम अशी, की फॉल्ट होताच फिरती मोटर काही सायकल, म्हणजे क्षणभर, जनरेटर बनते आणि फुल लोडच्या (पूर्ण भाराला लागणाऱ्या करंटच्या) चार-सहा पट करंट उलटा ढकलते. मोटर एमसीसीबीच्या खाली जोडलेली, त्यामुळे हा करंट एमसीसीबीतून जातच नाही. तिला पत्ता नाही, आणि सोसायचं खालच्या एमसीबीने.

म्हणून त्या अमेरिकन कोडचं कलम २४०.८६ म्हणतं: दोन्ही ब्रेकरच्या मध्ये जोडलेल्या मोटरांच्या फुल लोड करंटची बेरीज खालच्या ब्रेकरच्या फॉल्ट तोडण्याच्या क्षमतेच्या १ टक्क्यावर गेली, की सिरीज रेटिंग चालणार नाही. १० केएला १०० अँपिअर, ६ केएला ६०. कोड तिकडचा असला तरी मोटर इकडे काही वेगळी वागत नाही.

आता मोजणी. १० एचपीच्या थ्री फेज मोटरला १४-१५ अँपिअर, म्हणजे लिफ्ट-पंप मिळून चार मोटरा झाल्या तरी साठाच्या आसपास. पण एसी कोणी धरतच नाही! जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनी एसी ७-८ अँपिअर घेतो. मे महिन्यातल्या आपल्या घामट रात्री त्या साठावर आणखी एका फेजवर असे दहा चालू असले, की शंभरी सहज ओलांडली. इन्व्हर्टर एसी आणि साध्या ड्राइव्हवरची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणावरची) लिफ्ट यातून वगळा; मध्ये रेक्टिफायर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असल्याने त्यांचा करंट मागे येत नाही.

आणखी एक. सिरीज रेटिंग हे कंपनीने चाचणी घेतलेल्या ठरावीक जोडीचंच असतं. खाऱ्या हवेने एमसीबी खराब झाली आणि वायरमनने दुकानात मिळाली ती दुसऱ्या कंपनीची लावली, तर मोटरा मोजायचीही गरज नाही, ते रेटिंग तिथेच गेलं. कंपनीचा तक्ता मीटर रूममध्ये लावून ठेवा.