बाथरूमचे खाडे

आज साठ दिवस झाले. माणसाला साठ वर्षं झाली असती तर एव्हाना शांत घातली असती, चार पंगती उठल्या असत्या. आमच्या बाथरूमच्या कामाला साठ दिवस झालेत आणि त्याला अजून दारसुद्धा नाही.

१० सप्टेंबरला पहिला घाव पडला. पितृपक्ष चालू होता. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत घरात फोडाफोडी नको गं. मी म्हटलं, आई, बाथरूमला कसला पितृपक्ष? (हे वाक्य मला आता रोज परत ऐकवलं जातं.) कॉन्ट्रॅक्टर मात्र खूश होता, कारण या पंधरवड्यात कुणी नवं काम काढत नाही आणि त्याची माणसं रिकामी असतात. "बारा दिवस, ताई. घट बसायच्या आत नव्या बाथरूममध्ये आंघोळ." माझ्यासमोर बसून, माझ्याच कपातला चहा पीत सांगितलं होतं त्याने.

आणि हे काम काही हौस म्हणून काढलेलं नाही. बिल्डिंग तीस वर्षांची, खालच्या काकांच्या छताला ओल येऊन पोपडे पडायला लागले होते. शिवाय सासरे एकदा गुळगुळीत फरशीवरून घसरले. म्हणजे करणं भागच होतं.

फोडायचं काम काय झपाट्याने झालं म्हणून सांगू! ब्रेकर लावून दीड दिवसात टाइल्स, प्लास्टर, खालचा कोबा, सगळं साफ. राडारोडा गोण्यांत भरून तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली, कारण सोसायटी लिफ्ट देत नाही. तेव्हा मला वाटलं, वा, काय वेग आहे! आता कळतं की तो वेग कामाचा नव्हताच. निम्मे पैसे घ्यायचे, बाथरूम उखडून ठेवायचं, की गिऱ्हाईक जातंय कुठे? उघड्या पाइपांचं बाथरूम बघून दुसरा कुणी हात लावत नाही. "आधीच्याचं काम आहे, आम्हाला त्यात पाडू नका," असं मला दोघांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे पहिल्या दीड दिवसात आपण ओलीस.

बरं, सिमेंटला वेळ लागतो हे मला कळतं. नवीन वॉटरप्रूफिंग केलं, विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, की त्यावर सात दिवस तरी पाणी मारायला हवं. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे सांडपाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल येते का बघायची. ते नऊ दिवस मी एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारलं, कारण त्यासाठी यायचा तो हेल्पर दोन दिवसांनी गायब झाला. खालच्या काकांकडे बॅटरी घेऊन छत बघायलासुद्धा मीच गेले.

माझा राग सिमेंटवर नाही. "उद्या"वर आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. त्यात दुधाचे खाडे, बाईचे खाडे लिहायची सवय जुनीच. त्याच चौकोनांत मी मिस्त्रीचे खाडे लिहायला लागले, लाल पेनाने. आज बसून हिशेब केला. साठ दिवसांत काम झालं एकोणीस दिवस. सिमेंट, पाणी, रविवार, दसरा, दिवाळी, मिस्त्रीची छठ या सगळ्यांचे मिळून बावीस दिवस मी माफ केले. तरी एकोणीस खाडे उरतात. जितके दिवस काम, तितकेच निव्वळ खाडे! दूधवाल्याने असं केलं असतं तर तिसऱ्या दिवशी दुसरा लावला असता.

आणि काम झालेला दिवस म्हणजे तरी काय? ठोकाठोक करायची सोसायटीची वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा. मिस्त्री उगवणार साडेअकराला. माल कालवेपर्यंत बारा. एक वाजता डबा. तीनला उठून चहा. साडेपाचला हत्यारं धुवायला सुरुवात.

मिस्त्रीला मी शिव्या देत नाही, हेही सांगते. तो बिहारचा, हात चांगला आहे त्याचा. एकदा तो बाल्कनीत फोनवर बोलत होता तेव्हा कळलं, की कॉन्ट्रॅक्टरने एकाच वेळी चार घरांची बाथरूम फोडून ठेवलीत आणि हा एकटा मिस्त्री चारी ठिकाणी फिरतोय. ज्या घरची बाई जास्त ओरडेल तिथे दुसऱ्या दिवशी त्याला पाठवायचं. म्हणजे आम्ही चौघी एकमेकींना न ओळखता एकमेकींचा मिस्त्री पळवतोय! त्या दिवसापासून मी ओरडायला लागले. बाकीच्या तिघींनो, माफ करा.

टाइल्सचं ऐका. माप कॉन्ट्रॅक्टरने घेतलं, खोकी त्याने सांगितली, आम्ही भवानी पेठेतून आणली. भिंतीला दोन बाय एक फुटाच्या, फिक्या क्रीम रंगाच्या. शेवटच्या भिंतीला दोन खोकी कमी पडली. दुकानात गेलो तर तो लॉट संपलेला. खोक्यावर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो, तो जुळला नाही तर नाव तेच असून रंग वेगळा निघतो. हे आम्हाला आत्ता समजलं. कॉन्ट्रॅक्टरला जन्मभर माहीत होतं. नवा माल गुजरातमधल्या मोरबीहून यायला नऊ दिवस, तोही दुसऱ्याच शेडचा. आता गीझरखालची भिंत क्रीम आहे आणि तिच्या शेजारची आजारी माणसासारखी पिवळट. "लाइट लावल्यावर कळणार नाही, ताई." लाइटचं कनेक्शन दे ना मग!

पण कळस झाला तो ढाळाचा, म्हणजे फरशीच्या उताराचा. खालची फरशी बसली, फरश्यांमधल्या दरजा भरल्या, सगळे बघायला जमलो. मी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे निघालं, अर्ध्या वाटेत थांबलं, आणि वळून शांतपणे उंबरठ्याकडे आलं. आमच्या डोळ्यांदेखत. दाराशी बोटभर तळं. सासरे काठी टेकत उभे होते, ते म्हणाले, "हे मला घसरवायलाच केलंय का?" मिस्त्री म्हणाला, "वाइपर मार लेना, दीदी." अरे, वाइपरच मारायचा होता तर लाखभर रुपये कशाला घातले? फोनवर अर्धा तास घसा फोडल्यावर सहा फरश्या पुन्हा उखडल्या. त्याचे आणखी चार दिवस.

या साठ दिवसांत आंघोळ कुठे? ड्राय बाल्कनीत. वॉशिंग मशीनच्या बाजूला, ग्रिलला जुनी चादर बांधून. पाणी गॅसवर तापवायचं. समोरच्या बिल्डिंगमधून कुणाला दिसू नये म्हणून यांना अंधारात उठावं लागतं. सासऱ्यांना प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवायचं, एकाने धरायचं, एकाने ओतायचं. दिवाळीची पहिली आंघोळ तिथेच झाली, उटणं लावून, थंडीत कुडकुडत, चादर वाऱ्याने उडतेय. पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं तेव्हा मी मनात कुणाचं नाव घेतलं ते सांगत नाही. पण इतक्या जोरात आजवर कधी फोडलं नव्हतं.

छठ झाली २८ ऑक्टोबरला. मिस्त्री परत आला ४ नोव्हेंबरला, आणि आल्यावर लक्षात आलं की शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग) भिंतीत जास्तच आत गाडला गेलाय. वरची प्लेट बसतच नाही. एक्स्टेन्शनचा तुकडा मागवलाय म्हणे. दारवाल्याने माप नेलं त्याला आठवडा झाला. आरसा अजून खोक्यात, सासऱ्यांसाठी घेतलेला धरायचा दांडाही खोक्यात, दिवाणखान्यात, सोफ्यामागे. त्याच्यावर सिमेंटची इतकी धूळ बसलीय की नातवाने काल बोटाने त्यावर फुली-गोळा खेळला.

आत्ता आठ चाळीसला कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज आला: "ताई उद्या नक्की." खाली हात जोडलेले दोन.

आज शनिवार आहे. उद्या रविवार.