पोटाला मानवले, बोटांना नाही

नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात, राजधानी सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात राहायला गेलो, तेव्हा पुण्यातल्या तमाम नातेवाइकांना एकच चिंता होती, ती म्हणजे माझ्या खाण्यापिण्याचे कसे होणार. चिंता अनाठायी होती. जी जीभ ठेच्यावर पोसली गेली आहे, तिला लाल तिखटात माखलेली, लसणाने घमघमणारी किमची, म्हणजे तिथली आंबवलेली कोबी, परकी वाटण्याचे काही कारणच नव्हते. मिरची त्यांच्याकडे काय आणि आपल्याकडे काय, अमेरिका खंडातून आलेली पाहुणी; पण तिला आता कोणी पाहुणी म्हटले, तर दोन्हीकडची माणसे भांडायला उठतील. हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून थंडीभराची किमची घालण्याच्या प्रथेचा २०१३ साली युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. आमच्या आजीच्या कैरीच्या लोणच्याची दखल अद्याप कोणी घेतलेली नाही, पण तो विषय वेगळा.

खरी अडचण होती ती चॉपस्टिक्सची. जपानी माणसाने लाकडाच्या काड्या वापरल्या, चिनी माणसाने चांगल्या लांब आणि जाड केल्या. कोरियन माणसाने मात्र स्टीलच्या, चपट्या, बारीक आणि गुळगुळीत काड्या पसंत केल्या. त्या टेबलाच्या कडेला असलेल्या खणात निमूट पडून असतात आणि हातात घेताच एकमेकींशी अबोला धरतात. त्यातून मुख्य पदार्थाबरोबर ज्या छोट्या वाट्या मांडल्या जातात, त्यांतले जिन्नस जणू नवख्याची परीक्षा घेण्यासाठीच निवडलेले असतात. सोया सॉस आणि साखरेच्या पाकात शिजवलेले काळ्या सोयाबीनचे तुकतुकीत दाणे हा त्यांतला सर्वांत कठीण पेपर. या वाट्या संपल्या की बहुतेक ठिकाणी फुकट भरून मिळतात, परंतु त्यासाठी आधी त्या संपाव्या लागतात. माझ्या काडीतून निसटलेला एक दाणा टेबल ओलांडून समोरच्या सहकाऱ्याच्या सूपमध्ये विसावला, तेव्हा त्या भल्या गृहस्थाने छताकडे पाहत हवामानाचा विषय काढला.

त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की तिथे भात आणि सूप चमच्याने खातात. त्यामुळे मी चमच्याने खाता येणाऱ्या पदार्थांचा निस्सीम भक्त झालो. रसरशीत लाल रश्शात उकळत येणारे मऊसूत टोफू असो, की तापलेल्या दगडी भांड्यात तळाशी खरपूस होत जाणारे बिबिंबाप, म्हणजे भाज्या कालवलेला भात, असो, चमचा हाती असेपर्यंत माझा आत्मविश्वास कोणत्याही कोरियन माणसाइतकाच असे. त्या दगडी भांड्याची खरवड खरवडून खाण्यात जे सुख आहे, त्यासाठी मी कितीही वेळा जीभ पोळून घ्यायला तयार आहे.

मग गाल्बी भेटली. सुवॉन या बरगडीच्या मांसासाठी प्रसिद्धच आहे. ते टेबलावरच्या शेगडीवर भाजायचे, चक्क कात्रीने कापायचे, लेट्यूसच्या पानावर एक तुकडा, लसणाची भाजलेली चकती आणि सामजांग नावाची तिखट-खारट चटणी ठेवून विड्यासारखी घडी करायची आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घालायची. हे सगळे हाताने! इतक्या दिवसांचा अन्याय दूर झाल्याच्या आनंदात मी पुड्या जरा मोठ्याच बांधत होतो. त्यांतली एक तोंडात पुरती कोंबलेली असतानाच विभागप्रमुखांनी मला काहीतरी विचारले. दोन्ही गाल भरलेल्या माणसाला मान डोलावण्यापलीकडे काय करता येणार?

अशा रीतीने रविवारी सकाळी मी ५८२ मीटर उंचीच्या ग्वांग्योसान डोंगरावर चढत होतो. चढण निभावली. उतरल्यावर पायथ्याच्या खाणावळीत साहेबांनी मोठ्या कौतुकाने ओकच्या फळांच्या पिठाची थुलथुलीत तपकिरी वडी मागवली. काड्यांनी जरा जोर लावला की तिचे दोन तुकडे होत, आणि जोर लावला नाही तर ती जागची हलत नसे. दोनाचे चार, चाराचे आठ होत गेले. वाढणाऱ्या बाईंना तिथेही मावशीच म्हणतात. त्या मावशींनी माझ्या ताटलीतला भुगा निरखून पाहिला आणि मला तो तसाच आवडतो अशा समजुतीने, साहेबांची परवानगीही न घेता, आणखी एक ताटली माझ्यापुढे आणून ठेवली.